गफूरचाचांचा बिनम्यानाचा चाकू

आमच्या स्वयंपाकघरात एक चाकू आहे. पातं काळपट, वीतभरसुद्धा नाही. मूठ मात्र भडक राणी रंगाची. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात ना, अगदी तोच रंग. त्याला म्यान नाही, म्हणून तो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावा लागतो. पाहुणे आधी मुठीकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग विचारतात, "हे काय?" बायको आतून ओरडते, "विचारू नका हो, ते सांगत बसतील!" पण तोवर उशीर झालेला असतो.

या चाकूचं सांगायचं म्हणजे देवणीच्या गफूरचाचांचं सांगायचं.

त्याआधी माझी एक फजिती सांगावी लागेल. मी उदगीरला एका तंत्रनिकेतनात यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकवतो. एकवीस वर्षं झाली. या काळात मी नटांची, बोल्टांची, दातेरी चक्रांची हजारो चित्रं काढली आणि या हातांनी एकही वस्तू बनवली नाही. पोरं मला मागून 'मिलिमीटर सर' म्हणतात. पुढूनही म्हणतात, मी ऐकलं नाही असं दाखवतो. चाळिशी उलटली की माणसाला काहीतरी होतं. कुणाला योगासनं होतात, मला डोंगर झाले. पाठपिशवी आली, बूट आले, आणि अकरा हत्यारं पोटात घेऊन मिटणारा एक चाकू घरपोच आला. स्टाफची सहल सहस्रकुंडाच्या धबधब्याला गेली तेव्हा मी तो सगळ्यांसमोर उघडला आणि कलिंगडात खुपसला. पातं कलिंगडात राहिलं, मूठ माझ्या हातात आली. उरलेली दहा हत्यारं वापरूनही ते पातं बाहेर निघेना. शेवटी शिपायानं कलिंगड दगडावर आपटलं.

"देवणीला गफूरचाचाकडं घेऊन जावा," तोच शिपाई म्हणाला. "मोडलेलं नीट करतेत. लाज बी काढतेत."

चाचांचं दुकान जनावरांच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पत्र्याचं शेड, मागे भट्टी, मधे ऐरण, आणि बाजूला ट्रकच्या कमानीच्या मोडक्या पाट्यांचा ढीग. घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. वय सत्तरीचं. चौकड्याची लुंगी, बनियन, आणि दाढी फक्त भट्टीच्या बाजूनं जरा करपलेली. मी कलिंगडाची हकिगत सांगत दोन्ही तुकडे पुढे केले. चाचांनी हात मागे घेतला. मी आणखी पुढे झालो. ते आणखी मागे.

"खाली ठिवा," ते म्हणाले.

"काय?"

"धारेचं हाय ना? धारेचं हातात देऊ न्हाई, भांडन लागतं. खाली ठिवा, मी उचलतो."

हे आमची आजीही सांगायची. सुरी हातात देऊ नये, मीठ हातात देऊ नये. पण आजीकडे तो सल्ला होता, चाचांकडे कायदा. पन्नास वर्षांच्या धंद्यात त्यांनी एकही विळा, सुरी, कुऱ्हाड कुणाच्या हातात दिली नव्हती की कुणाच्या हातातून घेतली नव्हती. ऐरणीसमोरची तेवढी जमीन त्या देवाणघेवाणीनं गुळगुळीत झाली होती.

"मोडलाय हो तो," मी म्हणालो. "आता कसलं भांडण?"

"मोडलेल्यानं तर जास्तीच लागतं."

मी तुकडे खाली ठेवले. त्यांनी उचलून नाकाजवळ नेले. "ह्याला काय म्हंतात सर?"

"सर्व्हायव्हल नाइफ. म्हणजे, संकटात जीव वाचवणारा चाकू."

चाचांनी तुकडे उलटेसुलटे केले. "कुनाचा वाचला?"

"कलिंगडाचा," मागून कुणीतरी म्हणालं.

त्या शांताबाई कांबळे. भीमनगरात राहायच्या, रोजानं शेतात जायच्या आणि विळा घेऊन त्या दिवशी शेडच्या सावलीत बसल्या होत्या. मला वाटलं हसतील. त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट माझ्यासमोर धरलं. काडीसारखं सरळ. बाकीची बोटं मिटली तरी ते उभंच.

"हे बघा मास्तर. असल्याच मिटनाऱ्या चाकूचं काम. चारा कापून राहिले होते, अन् मिटला की हो तो! बोट आतच. चाकू वाकला अन् बोट वाकायचं बंद झालं." मग चाचांकडे मान वळवून, "विकला कुनी? ह्यांनी."

"हैद्राबादेहून आनलेला माल होता," चाचा भट्टीकडे बघत म्हणाले. "मी घडला न्हवता."

"बोट तर माझंच हाय ना?"

हे संभाषण अठरा वर्षं चालू आहे, हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून चाचांनी घडीचा चाकू दुकानात ठेवला नाही. पण न मिटणारा, कमरेला बरोबर नेता येईल असा, रानात कामाला येणारा चाकूही त्यांनी कधी केला नव्हता. लोक विळे मागायचे, कुऱ्हाडी मागायचे. "जिंदगीभर दुसऱ्याच्या मापाचं केलं, सर. माझा म्हनून एक चाकू व्हावा वाटतं. त्या बोटाची भरपाई बी व्हईल."

"भरपाई करायची तर अर्ध्या रोजात बसवा," शांताबाई म्हणाल्या. "सगळा रोज चाकूवर घातला तर कापू काय, वारा?"

घाईचं कारणही होतं. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. नजर कडेकडेनं विझत आली होती. तापलेल्या पोलादाचा रंग अजून कळायचा, पुढच्या वर्षी कळेल याची खात्री नव्हती. हैदराबादचा मुलगा ईदनंतर त्यांना कायमचं घेऊन जाणार होता. भट्टी बंद. हातात पाच महिने.

"झालं हे कशावरून ठरवायचं?" मी शिक्षकी प्रश्न विचारला.

चाचांनी शांताबाईंकडे बोट दाखवलं. "ह्या बाईनं तीस वर्षांत माझी हर एक वस्तू एकदा तरी परत आनली. जड हाय, हलका हाय, मूठ टोचती. ज्या दिवशी ही चाकू परत आननार न्हाई, त्या दिवशी झाला."

"मी मदत करतो," मी म्हणालो.

ही त्या चाकूवर ओढवलेली पहिली आपत्ती.

पुढच्या रविवारी मी मोठ्या कागदावर तीन बाजूंनी काढलेलं रेखाचित्र घेऊन हजर. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मापं. इंटरनेटवर महिनाभर जे जे पाहिलं ते सगळं त्यात होतं. पात्याच्या पाठीला करवतीचे दात होते. मूठ आतून पोकळ, आणि त्या पोकळीत काडेपेटी, मासे पकडायचा गळ आणि टोपणात होकायंत्र. चाचांनी कागद हातभर लांब धरला, मग नाकाला लावला. "लई सुंदर हाय. फ्रेम करून लावा."

मग त्यांनी भिंत लिंपायला कालवलेल्या मातीचा एक गोळा घेतला आणि शांताबाईंना म्हणाले, "दाब. विळा धरती तसं दाब." शांताबाईंनी गोळा आवळला. चार बोटांचे खड्डे उमटले आणि ताठ बोटाच्या जागी एक उंचवटा राहिला. चाचांनी तो गोळा उन्हात वाळवला. ते त्यांचं रेखाचित्र.

पण माझा मान राखायचा म्हणून पहिला नमुना त्यांनी माझ्या कागदाबरहुकूम केला. तापमान मोजायला मी कॉलेजातलं, करोनाच्या काळात कपाळाला लावायचं ते यंत्र आणलं होतं. लाल पात्यासमोर धरलं तर पडद्यावर नुसत्या रेघा.

"ताप लई हाय म्हंतंय का?" चाचांनी विचारलं.

त्यांचं तापमान वेगळं होतं. शेडमधे अंधार करायचे, पातं सांडशीनं वर धरायचे आणि डोळ्यांत पाणी येईतोवर बघत राहायचे. "मावळतीच्या सूर्याचा रंग आला की बुडवायचं. उगवतीचा न्हाई. उगवतीचा जरा पिवळा असतो, पातं काचेवानी व्हतं." बुडवायचं ते तेलात. आणि चाकू अर्ध्या रोजात बसवायचा म्हणून तेल होतं स्टँडवरच्या हॉटेलातलं, भजी तळून काळं झालेलं. पातं त्यात शिरलं की चर्रर्र आवाज व्हायचा आणि सगळ्या रस्त्यावर वास. पाचच मिनिटांत चार माणसं शेडपाशी. "मिरचीची हायत का कांद्याची?" चाचा शांतपणे सांगायचे, "लोखंडाची. खातो का?"

तो पहिला नमुना शांताबाईंनी त्याच दिवशी परत आणला. जमिनीवर ठेवला. पातं एकीकडे, पोकळ मूठ दुसरीकडे.

"मागचे दात कुनाला चावायला हायत? माझा पदर फाडला त्यांनी. अन् हे घड्याळ बंद पडलंय."

"ते होकायंत्र आहे," मी म्हणालो. "दिशा कळते."

"मास्तर, मी पाटलाच्या रानात तीस साल जाते. दिशा हरवली तर पाटील हाक मारतो. अन् वास काय मारून राहिलाय! दोन कुत्री बांधापोतर आली मागं."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मातीचा गोळा उचलला आणि तळहातावर ठेवून वजन बघितलं. ही त्यांची टीका.

चाचा लोकांना चेहऱ्यानं ओळखायचे नाहीत. डोळे तसे राहिलेच नव्हते. समोर विळा ठेवला की धारेवरून अंगठा फिरवायचे आणि माणूस ओळखायचे. धारेवरच्या खाचांवरून घरचंही सांगायचे. कुणाचा बांधावरचा दगड सरकलाय, कुणाची कुऱ्हाड भावानं नेली होती. एकदा मी आमच्या घरची सुरी नेली. अंगठा फिरवून म्हणाले, "मॅडम पाटावर न्हाई, ओट्यावर कापून राहिल्या. लई रागात. ही खाच तर ताजी हाय. परवाची?" परवाच मी नवी पाठपिशवी घेतली होती.

दुसरा नमुना चाचांच्या डोक्यानं झाला. कमानीच्या पाट्याची एकच पट्टी, टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत अखंड. मिटायचं नाही, निखळायचंही नाही. दोन्ही बाजूंनी बाभळीचं लाकूड, मातीच्या गोळ्यावरून कोरलेलं. ठोकायला सायकलच्या आऱ्यांचे तुकडे. म्यान मात्र माझी कल्पना, आणि माझ्या आयुष्यातली ती एकमेव चाललेली कल्पना: ठिबकच्या कामातून उरलेल्या प्लास्टिकच्या नळीचा तुकडा, गरम करून पात्यावर दाबलेला. चाचांनी माझी पाठ थोपटली. तिथं थांबायला हवं होतं.

मी थांबलो नाही. रानात वापरायचा चाकू रानाच्या रंगाचा हवा म्हणून मी घरी नेऊन त्याची मूठ आणि म्यान रंगवलं. हिरवे, खाकी, मातकट पट्टे, सैनिकी कपड्यांसारखे. दोन रात्री जागलो. शांताबाईंनी तो सोयाबीनच्या रानात नेला, न्याहारीला बसताना बाजूला ठेवला, आणि भाकरी संपेपर्यंत चाकू नाहीसा झाला. अकरा बायका ओळीनं वाकून शोधत होत्या. मी कॉलेजातून रजा टाकून गेलो. पाटलानं विचारलं, "काय हरवलं?" मी म्हणालो, "चाकू. तो दिसू नये असाच बनवलाय." 

सोयाबीन काढायला आल्यावर चाकू सापडला. शांताबाईंचा विळाच त्याच्यावर बसला. त्यांनी दोन्ही वस्तू आणून जमिनीवर ठेवल्या. "हा तुमचा चाकू. अन् ह्या विळ्याला खाच पडली, ती तुमीच काढून द्या."

चाचा त्या दिवशी पहिल्यांदा चिडले. "सर, वाघ हाय का तिथं, लपायला? चाकू दिसला पायजे. मला दिसला पायजे!" पोळ्याला ते बाजारातल्या देवणी बैलांची शिंगं रंगवून द्यायचे. डब्यात तळाला राणी रंग उरला होता. त्यांनी आधी म्यान, मग मूठ त्यात बुचकळली. वाळली तेव्हा लांब धरली, हळूहळू बाजूला नेली. जिथं त्यांची नजर संपायची तिथपर्यंत. आणि म्हणाले, "हाव. इथपोतर दिसती."

मग त्यांनी तसेच आणखी बारा चाकू घडवून रंगवले. त्यांतला एक शांताबाईंकडे गेला, म्यानासकट, परत आणायच्या बोलीवर.

तेवढ्यात मी नांदेडला ग्रामीण अवजारांच्या एका प्रदर्शनात नाव नोंदवून आलो होतो. चाचांची इच्छा नव्हती. "तिथं कोन कापनार हाय?" पण आले. एसटीत बारा चाकू टॉवेलात गुंडाळून मी मांडीवर घेऊन बसलो, चाचा खिडकीशी. स्टॉलवर आम्ही मांडामांड केली आणि मुख्य पाहुणे फोटोवाल्यांसकट आले. एका स्टॉलवर थांबले, दुसऱ्या स्टॉलवर थांबले, आमच्यापुढे येऊन हात पुढे केला. "बघू."

आता पाच महिने मी दर रविवारी देवणीला जात होतो. धारेची वस्तू हातात द्यायची नाही हे माझ्या हाडात गेलं होतं. पाहुण्यांचा हात पुढे आला आणि मी सरळ खाली वाकलो. चाकू त्यांच्या पायाशी ठेवला. त्यांनी हात मागे घेतला नाही, म्हणून वाटलं बाकीचेही हवेत. एकेक करत बाराही चाकू ओळीनं पायाशी मांडले आणि, का कोण जाणे, शेवटी हात जोडले.

पाहुणे दोन पावलं मागे सरले. मग त्यांना सगळं कळलं असं त्यांना वाटलं. पुढे होऊन त्यांनी मला मिठी मारली. फोटोवाले तुटून पडले. माइक आला. "वाट चुकलेल्या आपल्या या बांधवानं आज शस्त्रं खाली ठेवली आहेत," ते म्हणाले, "समाजानं त्यांना जवळ केलं पाहिजे." टाळ्या झाल्या. मला एक शाल आणि नारळ मिळाला. संध्याकाळी एका यूट्यूब चॅनलवर माझा हात जोडलेला फोटो होता. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

परतीच्या एसटीत मी चाचांना म्हणालो, "मी सगळं घालवलं."

"न्हाई सर, बराबर केलं. हातात दिला असता तर भांडन झालं असतं." ते एवढे हसले की कंडक्टर वळून बघायला लागला.  मुखेडच्या पुढे खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "इतकी मानसं आली. समद्यांनी बघितला. धरला कुनीच न्हाई."

ईद आठवड्यावर आली होती.

देवणीत उतरलो तर शांताबाईंचा पत्ता नव्हता. चाचा रोज दुपारी शेडच्या दारात उभे राहायला लागले. रस्त्यावरून कोण येतंय हे त्यांना दिसत नव्हतं, पण उभे राहायचे. मीही रजा काढून जाऊ लागलो. कॉलेजात आता माझी रजा कुणी नाकारत नव्हतं, शस्त्रं खाली ठेवलेल्या माणसाला जरा जपूनच घेतात.

पाचव्या दिवशी शांताबाई आल्या. वाकून काहीतरी जमिनीवर ठेवलं. चाचांनी घाईनं उचललं, अंगठा फिरवला. विळा होता.

"अन् चाकू?"

"कुठला?"

"गुलाबी. शिंगाच्या रंगाचा."

"अवं, तो व्हय? हरवला की."

चाचा ऐरणीशेजारी बसले. मी त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. "हरवला?" ते म्हणाले. "ह्यो बी?"

"हरवला म्हंजे हरवला. रान मोठं हाय. भरून देते मी." शांताबाईंनी कनवटीचे पैसे काढले, बरोबर अर्धा रोज, आणि ऐरणीवर ठेवले. मग विळा घ्यायला वाकल्या. पदर सरकला. कमरेला, साडीच्या निऱ्यांशेजारी, राणी रंगाची मूठ.

मी काही बोलणार तेवढ्यात चाचांनी माझ्या पायावर पाय ठेवला. त्यांना दिसली होती. कडेच्या विझत चाललेल्या नजरेलाही दिसेल, असाच तर तो रंग त्यांनी निवडला होता.

"हरवला तर हरवला," ते म्हणाले. "जाऊ दे बाई. तुझं नशीब."

"माझं कामून? तुमचं," शांताबाई म्हणाल्या, आणि निघाल्या. वळणावर पोचेपर्यंत ती मूठ दिसत होती. चाचा उभे राहून बघत होते. ती दिसेनाशी झाल्यावर त्यांनी भट्टीत पाणी ओतलं.

त्यांची शेवटची भेट उदगीरच्या स्टँडवर. मुलगा सामान टपावर चढवत होता, हैदराबादची गाडी धुरळा करत उभी होती. चाचा खिडकीत बसले होते, अंगात नवा कुर्ता, दाढी आता दोन्हीकडून सारखी. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि खिडकीतून एक राणी रंगाची मूठ बाहेर काढली.

सवयीनं मी मागे सरलो. "चाचा, खाली टाका. मी उचलतो."

"धरा."

"अहो, हातात? भांडण लागतं!"

"लागू द्या की." त्यांनी माझा हात ओढून मूठ तळव्यात ठेवली आणि वरून माझी बोटं मिटली. "भांडन असलं म्हंजे मानूस लांबून बी येतो. या भांडायला हैद्राबादेला."

गाडी हलली. मी बरोबर पळत होतो आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, पातं उघडं आहे.

"चाचा, म्यान? म्यान राहिलं!"

त्यांनी कुर्त्याच्या खिशातून ते गुलाबी म्यान काढलं, खिडकीबाहेर हात लांब करून मला दाखवलं, आणि पुन्हा खिशात घातलं.

मी नागवा चाकू धरून स्टँडच्या मधोमध उभा होतो. माणसं माझ्यापासून लांबून वळसा घेऊन जात होती. एका मावशींनी नातीला पोटाशी धरलं. बीदरच्या रस्त्याला लागलेल्या गाडीच्या खिडकीतून एक हात अजून बाहेर होता, आणि तो हातच मला हसत होता हे मला तिथूनही दिसत होतं.